लिस्बनचे अकरा गडी आणि त्यांचा मुकादम

कामगार-चळवळीत उमर घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. त्यातून हा फुटबॉलही आपल्याकडचा नव्हे, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा. पण आम्ही तिथल्या सेल्टिक क्लबाचे चाहते आहोत. समुद्राच्या अलीकडून, जुन्या चित्रफिती पाहून आणि हाती लागतील ती पुस्तके वाचून झालेले चाहते. आणि चाहत्याने केवळ टाळ्याच वाजवाव्यात, हे आम्हांला मान्य नाही. ज्या संघावर आपला जीव जडला त्याचे गडी कोण होते, त्यांना कोणी घडवले, आणि त्यांच्या घामाचे मोल त्यांच्या पदरात पडले की नाही, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

क्लबाची हकिकत थोडक्यात सांगतो. आयर्लंडमधल्या उपासमारीने देशोधडीला लागलेली कॅथॉलिक कुटुंबे ग्लासगोच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहत. त्यांच्या मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा, या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने १८८७ साली हा क्लब काढला. पुरती दहा वर्षे गेली नाहीत तोच, १८९७ साली, धर्मादाय क्लबाची मर्यादित कंपनी झाली, आणि मग बराच काळ ती मोजक्या घराण्यांच्या मुठीत राहिली. क्लब दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आला आणि चाहतेच चळवळीला उभे राहिले, तेव्हा कुठे १९९४ साली ती मूठ सुटली. आपल्या देशाचाही या क्लबाशी एक जुना ऋणानुबंध आहे. १९३६ साली कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम तिथे गेला आणि पायांना पट्ट्या बांधून, बुटांवाचून, सेल्टिकच्या दुय्यम संघातून खेळला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण घरची ओढ लागली आणि तो परतला. असो.

आमचा आजचा विषय आहे जॉक स्टीन. त्याचा जन्म १९२२ सालचा, लॅनर्कशायरमधील बर्नबँक या खाणवस्तीतला. मिसरूड फुटते न फुटते तोच तो कोळशाच्या खाणीत उतरला. शनिवारी अल्बियन रोव्हर्सकडून सामना खेळायचा आणि सोमवारी पुन्हा दिवा घेऊन जमिनीखाली जायचे, असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला. खाणीत माणसाचा जीव शेजारच्या सोबत्याच्या हाती असतो. त्याने छताला टेकू नीट दिला नाही तर दोघेही गाडले जाणार. तिथे सोबत्याचा पंथ कोणता, हे विचारायला कोणाला सवड असते? ग्लासगोत मात्र हा प्रश्न पदोपदी विचारला जाई. प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबाने तर कॅथॉलिक खेळाडू उघडपणे घेतला तो १९८९ साली. अशा शहरात स्टीन हा प्रॉटेस्टंट माणूस सेल्टिकचा कर्णधार झाला, आणि मार्च १९६५ मध्ये व्यवस्थापक. त्याच्याआधी त्या खुर्चीवर बसलेले तिघेही कॅथॉलिक होते.

१९५७ नंतर सेल्टिकला एकही मोठा चषक मिळालेला नव्हता. आधीचे व्यवस्थापक जिमी मॅकग्रोरी स्वतः एके काळी गोलांचा पाऊस पाडणारे, मोठे सज्जन गृहस्थ. पण सरावाच्या मैदानावर ते फारसे उतरत नसत आणि संघात कोण खेळणार हे बहुधा अध्यक्ष रॉबर्ट केली ठरवीत. स्टीनने संघनिवडीचा अधिकार स्वतःकडे मागून घेतला आणि सरावाचा पोशाख चढवून तो गड्यांमध्ये जाऊन उभा राहिला. नुसत्या धावण्याच्या फेऱ्या मागे पडल्या, सराव चेंडूनिशी होऊ लागला. बॉबी मर्डॉक आघाडीवर चाचपडत होता, त्याला मागे ओढून मध्यभागी आणले. बर्टी ऑल्ड कडेने पळणारा गडी, त्यालाही मध्ये घेतले. लक्षात घ्या, पुढे लिस्बनला जे अकरा जण खेळले त्यांतले दहा स्टीन आला तेव्हा क्लबात हजरच होते. विली वॉलेस तेवढा त्याने नंतर विकत आणला. म्हणजे कामगार तेच, कारखाना तोच. बदलली ती कामाची मांडणी. गोलरक्षक रॉनी सिम्प्सनची गंमत तर औरच. हिबर्नियन क्लबात असताना स्टीननेच त्याला निकामी समजून सेल्टिकला देऊन टाकले होते. आणि सहा महिन्यांत तोच म्हातारा गोलरक्षक पुन्हा त्याच्या पदरात आला!

२५ मे १९६७. पोर्तुगालची राजधानी लिस्बन, आणि युरोपियन चषकाचा अंतिम सामना. समोर मिलानचा इंटर संघ, १९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षांचा विजेता. त्यांचा शिक्षक एलेनिओ एरेरा. त्याच्या पद्धतीला इटालियन भाषेत दाराच्या अडसराचे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. एक गोल करावा, मग अडसर घालून घरात बसावे. सातव्या मिनिटाला माझ्झोलाने पेनल्टीवर गोल केला आणि अडसर पडला.

मग जे घडले ते चित्रफितीवर आम्ही किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. सेल्टिकचे गडी लाटांसारखे चालून जातात. ऑल्डचा फटका गोलाच्या आडव्या खांबावर आदळतो, मग गेमेलचाही. इंटरचा गोलरक्षक सार्ती त्या दिवशी एकटा अकरा जणांशी लढला. त्यालाही आमचा सलाम. अखेर ६३ व्या मिनिटाला तोच गेमेल, जो खरे पाहता बचावाचा गडी, त्याने लांबून असा काही फटका मारला की अडसर मोडूनच पडला. सामना संपायला पाचसहा मिनिटे असताना मर्डॉकच्या फटक्याला चामर्सने पाय लावून दिशा दिली. दोन विरुद्ध एक! ब्रिटनमधल्या संघाने हा चषक प्रथमच जिंकला. अकराही गडी सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. काही कॅथॉलिक, काही प्रॉटेस्टंट. कित्येकांच्या तोंडात कवळ्या. त्या काढून सिम्प्सनच्या टोपीत ठेवलेल्या होत्या, कारण चषक घेताना छायाचित्रासाठी त्या लागणार होत्या.

पुतळे आणि गाणी वाट्याला आली ती कर्णधार बिली मॅकनील आणि कडेचा जादूगार जिमी जॉन्स्टन यांच्या. त्यांचा मान आम्ही कमी करीत नाही. पण आमचे मत विचाराल तर त्या संघाचा कणा मर्डॉक होता. चेंडू कुठे जायला हवा हे त्याला इतरांपेक्षा एक क्षण आधी दिसे.

जॉन्स्टनचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. त्याला विमानाची जबर धास्ती. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशी ग्लासगोत सामना होता. मध्यंतराला एकास एक बरोबरी. स्टीनने त्याच्याशी करार केला : चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या सामन्याला तू बेलग्रेडला यायचे नाहीस. सेल्टिकने पाच विरुद्ध एक असा सामना जिंकला, त्यात जॉन्स्टनचे दोन. बेलग्रेडचे लोक त्याला पाहायला उत्सुक असल्याची आर्जवे पुढे आली, पण तो घरीच राहिला. आमच्या हिशेबी हा एक आदर्श सेवाकरार होय.

दुर्दैवाने असे करार स्टीनने फार केले नाहीत. १९६६ ते १९७४ सेल्टिकने लागोपाठ नऊ वर्षे लीग जिंकली, मैदाने तुडुंब भरली. १९७० साली लीड्सविरुद्धच्या सामन्याला एक लाख छत्तीस हजारांवर माणूस लोटला होता. परंतु पगाराच्या बाबतीत क्लबाची मूठ आवळलेलीच. लू मकारी १९७३ च्या जानेवारीत पगारासाठीच मँचेस्टरला निघून गेला. डेव्हिड हेयचे प्रकरण त्याहून बोलके आहे. खेळताना दुखापत झाली की गडी बाहेर बसे, आणि बाहेर बसला की सामन्याचा बोनस बुडे. पगारापेक्षा बोनसवरच संसार चालणारा. हेयचे म्हणणे एवढेच की, क्लबासाठी खेळताना जायबंदी झालेल्याचे नुकसान क्लबाने भरून द्यावे. तो सरावाला यायचा थांबला; सरळ भाषेत, त्याने संप केला. १९७४ साली त्याला चेल्सीला विकून टाकण्यात आले.

आणि श्रोतेहो, या प्रकरणात स्टीन मालकांच्या बाजूने उभा राहिला. ज्याने खाणीत अपघात जवळून पाहिले होते, त्याला जखमी माणसाच्या भरपाईचा मुद्दा समजला नसेल, असे आम्ही मानत नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या जॉबराचे किस्से जुन्या कामगारांकडून आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. कामगारांतूनच वर आलेला, कामात वाकबगार, अडल्यानडल्याला धावणारा, पण पगारवाढीची गोष्ट निघाली की मालकाच्या कचेरीच्या दारात आडवा उभा. स्टीनसारख्या माणसाला हे नाव देताना जीभ जड होते, तरी दुसरे नाव सुचत नाही. तो पाषाणहृदयी नव्हता. १९८४-८५ सालच्या खाण-कामगारांच्या मोठ्या संपात त्याची सहानुभूती उघडपणे संपकऱ्यांकडे होती. पण ती दुसऱ्याच्या खाणीतली गोष्ट होती.

जॉबराचे पुढे काय होते, हेही त्याच्याच वाट्याला आले. १९७५ च्या उन्हाळ्यात मोटार-अपघातात तो मरता मरता वाचला, वर्षभर काम करू शकला नाही. परत येऊन १९७७ साली त्याने लीग आणि चषक दोन्ही जिंकून दिले. त्याच उन्हाळ्यात संघाचा हिरा, केनी डॅलग्लिश, लिव्हरपूलला चार लाख चाळीस हजार पौंडांना गेला. पुढचा हंगाम पडका गेला, आणि १९७८ साली व्यवस्थापकपद मॅकनीलकडे सोपवण्यात आले. युरोपियन चषक आणणाऱ्या माणसाला क्लबाने देऊ केले काय, तर पैसा उभा करणाऱ्या सोडतीचा कारभार! त्याने तो घेतला नाही. लीड्सला ४४ दिवस काढून तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे आला.

१० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफला वेल्सशी सामना होता. विश्वचषकाच्या वाटेवर राहण्यासाठी स्कॉटलंडला बरोबरी पुरेशी होती. शेवटची दहा मिनिटे उरली असताना डेव्ही कूपर या रेंजर्सच्या गड्याने पेनल्टीवर गोल केला आणि ती साधली. शिटी वाजण्याच्या सुमारास स्टीन बाकाजवळ कोसळला. त्याला आत नेले, आणि थोड्याच वेळात तो गेल्याची बातमी बाहेर आली. तो ६२ वर्षांचा होता.