चला, निजामाच्या हायकोर्टात

डोक्याला काहीतरी गुंडाळा आणि निघा. 1948 चा जून आहे आणि तुम्ही हैदराबादच्या सुलतान बाजारात उभे आहात. सकाळचे नऊच वाजलेत, पण सदरा पाठीला चिकटलाय. आभाळ भरून आलंय, पाऊस मात्र नाही. इराण्याच्या हॉटेलातल्या उकळत्या चहाच्या वासात टांग्याच्या घोड्यांच्या लिदीचा वास मिसळलाय. मोटारी फारशा दिसणार नाहीत. भारत सरकारच्या नाकेबंदीमुळे पेट्रोल मिळत नाही. मीठही मिळत नाही. त्या वाण्याच्या दुकानापुढची रेटारेटी मिठासाठीच आहे, कोपरं सांभाळून पुढे व्हा. खिशात इंग्रजी कलदार रुपये असतील तर आतच राहू द्या. इथे निजामाचा हाली रुपया चालतो.

आता बोळात वळा आणि मराठी कानावर पडली की थांबा. हे वकीलसाहेबांचं घर. ओसरीवर मळक्या धोतरातली आठ-दहा माणसं उकिडवी बसलीत. आत गादी, तक्के आणि फडताळात लाल फडक्यांत बांधलेल्या खटल्यांच्या मिसली. जुना कागद, शाई आणि तंबाखू असा तिहेरी वास येतोय. वकीलसाहेब साठीला आलेले. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणतात, "या, बसा. मुलुखातनं आलात ना? आधी पाणी घ्या."

जरा पुढे सरका आणि मुन्शीचा हात बघा. बोरू उजवीकडून डावीकडे सरसर चाललाय, कारण कोर्टाची भाषा उर्दू. समोर वसमतकडचा एक शेतकरी बसलाय. तो मराठीत सांगतो, मुन्शी उर्दूत उतरवतो. कडब्याची गंजी जाळली. बैलजोडी नेली. भावाला मारलं. पोलिसांच्या अमीनाकडे गेलो तर अमीन म्हणाला, रझाकारांचं नाव घेऊ नकोस. (रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक.) सांगून झाल्यावर त्याचा अंगठा शाईला लागतो. हात थरथरतो आणि ठसा फराटला जातो. मुन्शी काही बोलत नाही. त्याचं मनगट धरतो आणि शेजारी दुसरा ठसा स्वच्छ उमटवून घेतो.

तुम्हाला राहवत नाही. "जाळपोळीला शिक्षा नाही का इथल्या कायद्यात?"

"आहे की. दरोड्याला आहे, खुनालाही आहे. कायदा जागेवर आहे राव, तो चालवणारं कुणी उरलं नाही."

हे वाक्य नीट ऐका. ते बोलणाऱ्या माणसाने तीस वर्षं याच कायद्यावर घर चालवलंय. सभा भरवायची तर आधी परवानगी काढा, असं फर्मावणारी निजाम सरकारची गश्ती निशान 53 आली, तेव्हा अशाच वकिलांनी अर्ज केले, हुकमातला शब्द न् शब्द चाळला आणि ग्रंथालयाच्या, समाजसुधारणेच्या निमित्ताने माणसं एकत्र आणली. सरकारला सरकारच्याच कागदात धरायचं, ही त्यांची रीत. केशवराव कोरटकर परभणीकडून आले, वकिली केली, 1907 मध्ये विवेकवर्धिनी शाळा उभी करण्यात पुढे राहिले आणि पुढे याच हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आता त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार वकिलांच्या पुढे उभे आहेत. रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून कोर्टावर बहिष्कार, असं वकिलांनी ठरवलंय. वकीलसाहेबांची शेरवानी म्हणूनच खुंटीवर आहे.

"मग ही अर्जी कशाला लिहिता?"

"आज ना उद्या खरं कोर्ट बसेल. तेव्हा तारीख, गाव, ठसा, सगळं लागेल."

मुन्शीबरोबर हायकोर्टाकडे चला. गौळीगुडा मागे पडतो, अफझलगंज येतो. हमालांच्या आरोळ्या, चिंचेच्या पोत्यांचा आंबूस वास, पायाखाली शेण आणि केळीची सालं. एकाएकी गलका थांबतो. दुकानदार फळ्या ओढू लागतात. मुन्शी तुम्हाला दंडाला धरून भिंतीशी लावतो. बुटांचा आवाज जवळ येतो. खाकी कपड्यांतली तरणी पोरं, कुणाच्या हातात भाला, कुणाकडे तलवार, कुणाच्या खांद्यावर बंदूक. घोषणा छातीवर आदळतात. भिंतीचा तापलेला चुना तळव्यांना चटका देतोय, तरी हात हलवू नका. या पोरांचा नेता कासिम रझवी लातूरचा, आणि धंद्याने वकीलच. कायद्याचं शिक्षण त्यानेही घेतलंय. काळा डगला घातला म्हणून कुणी कायद्याचा राखणदार होत नाही, एवढं या भिंतीला टेकल्या टेकल्या मनाशी पक्कं करा.

नया पूल ओलांडा. खाली मुसी नदी आटलेली, चिखलाचा कुबट वास वर येतोय. पलीकडे लालसर दगडाची, घुमटांची भव्य इमारत दिसते. तेच हायकोर्ट, 1920 मध्ये उघडलेलं. आत पाऊल टाकताच दगडी गारवा अंगावर येतो. एरवी या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते : मुवक्किल, कारकून, पानाच्या पिचकाऱ्या आणि शे-दोनशे माणसांची कुजबुज. आज बाकं अर्धी मोकळी. चपराशी पक्षकाराचं नाव पुकारतो. पुन्हा पुकारतो. तिसऱ्यांदा आवाज घुमटात फिरून परत येतो. पक्षकार उठतो, पण त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही. पेशकार मिसल उघडून पुन्हा मिटतो. पुढची तारीख.

आपण नसलो तर हे कोर्ट नुसती इमारत आहे, हे या वकिलांना पुरतं ठाऊक होतं. बाहेर गावं जळत असताना आत रोज युक्तिवाद करत राहणं म्हणजे सगळं सुरळीत असल्याची साक्ष देणं, आणि ती द्यायला त्यांनी नकार दिला. नवख्या वकिलाचं काय जातं? फार तर एक-दोन मुवक्किल. तीस वर्षांत कमावलेलं नाव, चालती वकिली, मुलांच्या शिक्षणाचा पैसा हे सगळं पणाला लावायचं, तर त्यासाठी अनुभवी माणूसच लागतो. त्याच्या गैरहजेरीला वजन असतं, कारण त्याच्या हजेरीला होतं.

आता परत या. सप्टेंबरात भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं, म्हणजे पोलीस ॲक्शन झाली, आणि निजामाची राजवट संपली. पुढे खटले उभे राहिले. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात रझवीला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचं अपील सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1953 मध्ये ते ऐकताना न्यायमूर्तींमध्येही दोन मतं पडली, पण बहुमताने शिक्षा कायम राहिली. त्याच वर्षी वरंगळचे निजामकाळातले सुभेदार हबीब मोहम्मद यांची फाशी सुप्रीम कोर्टाने रद्द करून त्यांना सोडलं, कारण महत्त्वाचा साक्षीदार सरकारने तपासलाच नव्हता. हरलेल्या बाजूच्या माणसासाठीही वकील उभा राहिला आणि त्याचं म्हणणं न्यायालयाने ऐकलं. शेरवानी खुंटीला टांगणाऱ्यांना हवं होतं ते हेच राज्य, ज्यात शत्रूलाही दाद मागता येते.

तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही असा एखादा जुना वकील असेल. सगळ्यांना नकोसा झालेला माणूस त्याचा अशील असेल आणि लोक त्या वकिलाला नावं ठेवत असतील. त्यांच्यात सामील होऊ नका. तो तुमचंच काम करतोय.