वाइन-द्राक्षांचे प्रदेश

वाइनसाठी लावली जाणारी बहुतेक द्राक्षे ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ या एकाच प्रजातीची. खायच्या द्राक्षांहून यांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा मिळतो तो साल व बियांमधूनच. जॉर्जियात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षवाइनचे अंश सापडले आहेत.

लागवडीचा मुख्य पट्टा दोन्ही गोलार्धांत साधारण ३० ते ५० अक्षांशांदरम्यान आहे. वेलीला हिवाळ्यात विश्रांती लागते आणि घड पिकताना कोरडे ऊन. उन्हाने मण्यांत साखर भरते, थंड रात्रींमुळे आम्लता टिकते. क्षेत्रात स्पेन पहिला. वाइनच्या उत्पादनात इटली आणि फ्रान्स आघाडीवर. कॅलिफोर्नियातील नापा, ऑस्ट्रेलियातील बरोसा, न्यूझीलंडमधील मार्लबरो आणि दक्षिण आफ्रिकेचा वेस्टर्न केप प्रांत हेही नावाजलेले प्रदेश.

मात्र नुसत्या अक्षांशावरून प्रदेश ओळखू गेल्यास फसायला होते. जर्मनीत मोझेल नदीकाठचे रीस्लिंग हे वाण जवळजवळ ५० अक्षांशावर पिकते, ते दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांच्या जोरावर. तिथला पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. काही उतार इतके उभे, की यंत्र चढत नाही. तोडणी हातानेच होते. अर्जेंटिनातील मेंदोसा अँडीजच्या पर्जन्यछायेत आहे. तिथे माल्बेक या वाणाच्या बागा वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगतात आणि गारपिटीपासून वाचवण्यासाठी अनेक बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकी खुंटांवर युरोपीय वाणांची कलमे बांधणे हाच टिकाऊ उपाय ठरला. अँडीज, प्रशांत महासागर आणि अटाकामा वाळवंट यांच्या आडोशाला असलेल्या चिलीत ही कीड पसरली नाही, म्हणून तिथे स्वतःच्या मुळांवरचे जुने वेल आजही दिसतात.

नाशिक ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्याच्या पार बाहेर, २० अक्षांशावर आहे. सुमारे ६०० मीटर उंचीमुळे रात्री गार होतात, पण वेल थंडीने झोपी जात नाही. ते काम बागाईतदाराची कात्री करते, आणि इथल्या द्राक्षशेतीचे खरे श्रेय हवामानापेक्षा या कसबालाच द्यावे लागेल. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. छाटणीच्या या वेळापत्रकामुळे ऐन पावसाळ्यात वेलीवर घडच नसतो. छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर मात्र डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती राहते. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ यांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. जिल्ह्यातील बहुतांश द्राक्षक्षेत्र अजूनही खायच्या द्राक्षांचेच आहे.