एकेक आवाज पाठ करणारा वादक

ऑर्गन म्हटलं, की आपल्याला संगीत नाटक आठवतं. बालगंधर्वांच्या साथीला असायचा, तो पायानं भाता मारायचा ऑर्गन. युरोपातल्या चर्चमधला ऑर्गन मात्र निराळा. तो भिंतीएवढा असतो. धातूच्या आणि लाकडाच्या शेकडो नळ्यांतून हवा खेळते आणि वादकाचे दोन्ही हात नि दोन्ही पाय वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतात. असं हे अवाढव्य वाद्य हेल्मुट वाल्खा यांनी डोळ्यांनी न पाहता वाजवलं.

वाल्खांचा जन्म १९०७चा, लाइपझिगचा. लहानपणी देवीची लस टोचल्यानंतर दृष्टी अधू झाली आणि एकोणिसाव्या वर्षी पूर्ण गेली. लाइपझिग ही योहान सेबास्टियन बाखची कर्मभूमी. तिथल्या ग्युंटर रामिन यांच्याकडे वाल्खा शिकले. १९२९मध्ये ते फ्रँकफुर्टला गेले आणि तिथलेच झाले.

बाखच्या संगीतात तीन-चार आवाज एकाच वेळी चालतात. एक आवाज धून सुरू करतो, दुसरा मागून तीच उचलतो, मग तिसरा. वाल्खांची पत्नी उर्सुला त्यांना यातला एकेक आवाज वेगळा वाजवून दाखवी. तो पाठ झाला की पुढचा. मग चारही आवाज ते मनातच एकत्र आणत. दृष्टिहीन हाफिजाचं आम्हा मुसलमानांना नवल नाही. अख्खं कुराण मुखोद्गत असलेली माणसं असतात. पण तिथे एका वेळी एकच ओळ ओठांवर येते. इथे चार ओळी एकाच क्षणी, त्याही हातापायांतून! मी कवी आहे, स्वतःची कविता मला पाठ येत नाही. म्हणून की काय, मला याचं फार अप्रूप वाटतं.

डोळे असलेल्या वादकाला कागदावर चार ओळींचा एक गठ्ठा दिसतो. वाल्खांना प्रत्येक आवाज स्वतंत्र माणसासारखा ओळखीचा होता. त्यांच्या वादनातली स्वच्छता तिथून आली असावी, असं मला वाटतं.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्यांनी बाखच्या ऑर्गन-रचनांचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. त्यासाठी नवी, धडाडणारी वाद्यं न घेता जुनी निवडली. उत्तर जर्मनीतल्या काप्पेल या खेड्यातला ऑर्गन तर १६८०चा, आर्प श्निटगर या कारागिरानं बांधलेला. स्टिरिओचं तंत्र आल्यावर १९५६पासून त्यांनी ही मालिका पुन्हा केली. ते काम १९७१पर्यंत चाललं.

फ्रँकफुर्टच्या संगीत महाविद्यालयात ते १९३८पासून प्राध्यापक होते. युद्धानंतर अमेरिकेतूनही विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन त्यांच्याकडे येत. गुरुजी हट्टीही होते. माक्स रेगरसारख्या मोठ्या रचनाकाराचं संगीत त्यांनी अभ्यासातून बाजूला सारलं. मला हे पटत नाही. ज्याला आवाज इतके स्पष्ट हवेत त्याला रेगरची गर्दी सोसली नसेल, एवढंच म्हणता येईल.

१९७२मध्ये त्यांनी शिकवणं थांबवलं, १९८१मध्ये जाहीर वादन. १९९१ साली ते वारले.

बाखचीही नजर अखेरीस गेली होती. डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियेनंतर १७५०मध्ये तो वारला. ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधली त्याची शेवटची रचना मध्येच तुटलेली आहे. वाल्खांनी ती आपल्या परीनं पूर्ण केली आणि वाजवलीही.