नेटिव्ह अर्थ : आधी आपल्या माणसांना हसवलं

कॅनडातल्या टोरांटोत १९८२ मध्ये काही आदिवासी कलावंतांनी ‘नेटिव्ह अर्थ परफॉर्मिंग आर्ट्स’ ही नाट्यसंस्था काढली. पहिली नाटकं तालमीतच, सगळ्यांनी मिळून रचलेली. १९८६ मध्ये क्री या आदिवासी समाजातले नाटककार टॉमसन हायवे कलादिग्दर्शक झाले आणि त्याच वर्षी ‘द रेझ सिस्टर्स’ रंगमंचावर आलं. संस्थेचा खरा इतिहास मला तिथून सुरू झालेला दिसतो.

मॅनिटूलिन बेटावरच्या एका काल्पनिक आदिवासी वस्तीतल्या सात बायका. टोरांटोत बिंगो या आकड्यांच्या खेळाचा जगातला सर्वांत मोठा डाव होणार म्हणून त्या गाडी काढून निघतात. त्यांतल्या फिलोमिनाला बक्षिसाच्या पैशातून हवं आहे ऐसपैस, नवंकोरं कमोड! गोऱ्या प्रेक्षकांच्या मनातला मुका, दुःखी ‘इंडियन’ इथे कुठेच नाही. आहेत त्या एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या, फटकळ, जिवाला जीव देणाऱ्या बायका. त्यांच्या अवतीभवती नॅनाबुश वावरतो. ओजिब्वे कथांमधला हा रूपं पालटणारा खोडकर कधी सीगल होतो, कधी बिंगोचे आकडे पुकारणारा. प्रेक्षकांच्याही हाती कार्डं असतात, तेही खेळू लागतात. आणि मग तोच बिंगोवाला कर्करोगाने पोखरलेल्या मरी-अ‍ॅडेलला नाचत नाचत मृत्यूपलीकडे घेऊन जातो. तोवर हसून हसून प्रेक्षक तिच्या घरचे झालेले असतात. व्याख्यानांनी हे साधलं नसतं.

१९८८ मध्ये हे नाटक एडिंबरा महोत्सवात गेलं. पुढच्याच वर्षी हायवेंचं सात पुरुषांवरचं नाटक आलं. त्यातल्या स्त्रीवरच्या हिंसेवर आदिवासी लेखिकांनीच बोट ठेवलं. ते रास्त होतं.

१९९४ ते १९९७ या काळात संस्थेची धुरा ओजिब्वे नाटककार ड्रू हेडन टेलर यांच्याकडे होती. आदिवासींच्या विनोदावर हसायची आपल्याला मुभा आहे का, या विचाराने गोरे प्रेक्षक आधी अडखळतात, हे त्यांनी नेमकं टिपलं आहे. पण म्हणून विनोद सौम्य करायचा नाही; शेजारचा आदिवासी प्रेक्षक खळखळून हसला की संकोच सुटतो.

क्री कथांमधल्या वीसागीचॅक या खोडकराच्या नावाने संस्था दरवर्षी नव्या संहितांचा महोत्सव भरवते. २०१२ मध्ये रीजंट पार्क भागात तिला ‘अकी स्टुडिओ’ हे हक्काचं नाट्यगृह मिळालं. ‘द रेझ सिस्टर्स’ पुस्तकरूपात मिळतं. आपल्याकडच्या नाट्यमंडळींनी ते जरूर वाचावं, आणि शक्यतो सात जणींनी मिळून, मोठ्याने.