नवरीचे नाव, लुगड्याची किंमत : शहापूर-मुरबाड आणि स्त्रियांची मासिके

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महदंबेचा उल्लेख आद्य कवयित्री म्हणून होतो, तो तिच्या धवळ्यांमुळे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने ही गीते रचली गेली. कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा त्यांचा विषय. वाङ्मयेतिहासकार येथवर येतात आणि पुढे भक्तीकडे वळतात. मराठीत स्त्रीच्या नावावर नोंदले गेलेले पहिले काव्य हे लग्नाचे गाणे आहे, या वस्तुस्थितीचा विचार मात्र फारसा झालेला नाही. धवळा हा महदंबेने शोधलेला प्रकार नव्हे. लग्नघरी बायकांनी गावयाचा तो एक रूढ प्रकार होता आणि महदंबेने तो उचलला. म्हणजे विवाहाचे वर्णन करण्याचा, नवरा-नवरी कशी सजली हे सांगण्याचा अधिकार मराठी समाजात फार पूर्वीपासून स्त्रियांच्या तोंडी होता. तो अधिकार पुढे कोणाकोणाच्या हाती गेला, हा प्रश्न स्त्रियांच्या मासिकांचा विचार करताना टाळता येत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक नेमका होतो, कारण येथे धवळा पोथीत राहिला नाही. आगरी समाजात लग्नविधी धवल्याने बांधलेला असतो आणि तो गाणारी धवलारीण ही केवळ गायिका नसते. कोणत्या घटकेला काय करावयाचे, हळद कोणी लावावयाची, कोणत्या देवाचे नाव आधी घ्यावयाचे, हे तिच्या गाण्यातून ठरते. वारली समाजात धवलेरी हेच काम करते, आणि तिच्या जोडीला सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघाट देवी बसल्यावाचून लग्न लागत नाही. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी यांची वस्ती मोठी, आगरी कल्याण-भिवंडीच्या बाजूस अधिक, वारली तुलनेने थोडे. जातिपरत्वे रीती बदलतात. परंतु लग्नातील वेशभूषा आणि विधी यांचे ज्ञान वडीलधाऱ्या बायकांच्या स्मरणात असते, ही गोष्ट समान. मुरबाडहून माळशेज घाट ओलांडला की ओतूर लागते. तेथे १८८०च्या दशकात सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून लग्ने लागली आणि जोशीपणाच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला. इतिहासाने तो पुरुषांचा पुरुषांशी झालेला वाद म्हणून नोंदला. घाटाखाली बायका पिढ्यान्‌पिढ्या लग्ने चालवीत होत्या, याची दखल त्या वादात कोणी घेतल्याचे दिसत नाही.

या मौखिक संहितेचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विवेचनास महत्त्वाचे आहे. हळदीचे वा धवल्याचे गाणे प्रत्येक लग्नात नव्याने भरले जाते: नवरीचे नाव, तिच्या आईचे, मामाचे, करवलीचे नाव गाण्याच्या रिकाम्या जागेत घातले जाते. नावावाचून गाणे पुरे होत नाही. उलट लुगडे केवढ्याचे, हा तपशील त्यात येत नाही. अर्थात व्यवहारात किंमत नव्हती असे नाही. आदिवासींमध्ये नवऱ्याकडून मुलीच्या बापास देज दिले जाई, त्यासाठी घासाघीस होई. ही किंमत बोलीत होती, गाण्यात नव्हती, एवढेच. शिवाय गाण्यात नवरीचे नाव येते पण नवरीचे म्हणणे येतेच असे नाही, आणि गाणारणीचे नाव तर कोठेच राहत नाही. महदंबा हा अपवाद, तोही महानुभावांनी पोथ्या जपल्या म्हणून. तेव्हा या परंपरेकडे स्मरणरंजनाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही.

या प्रदेशातील वेशभूषेची पहिली मोठी छापील संहिता इंग्रज सरकारने सिद्ध केली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जातीजातींचे वर्णन आहे: घर कसे, जेवण काय, पुरुष काय नेसतो, बाई काय नेसते, दागिने कोणत्या धातूचे, लग्नाला खर्च किती. ठाकर स्त्रियांच्या काचमण्यांच्या माळा, आखूड नेसलेले लुगडे हे सारे तेथे सापडते. समाजशास्त्रज्ञांनी या नोंदींचा भरपूर उपयोग केला; ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा १९६०चा इंग्रजी ग्रंथ पुष्कळ पुढे जातो, तरी त्यालाही या पूर्वसूरीची पार्श्वभूमी आहे. मात्र संहिता म्हणून पाहिले तर गॅझेटियरचे वस्त्रवर्णन हे धवल्याचे नेमके उलटे रूप ठरते. त्यात किंमत आहे, नाव नाही. ‘ठाकर बाई’ हा एकवचनी नमुना, सर्व ठाकर बायकांच्या जागी उभा केलेला. १८८२ हेच ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चे प्रकाशनवर्ष असावे हा योगायोगच; पण एकाच वर्षी एका पुस्तकात मराठी स्त्री स्वतःच्या नावाने पुरुषांना जाब विचारते आणि दुसऱ्यात ती कपड्यांच्या यादीखाली झाकली जाते, हे नजरेआड करण्यासारखे नाही.

त्याच गॅझेटियरात दुसऱ्या प्रकरणात, भांडवल व सावकारी यांच्या संदर्भात, लग्नासाठी स्वतःचे श्रम गहाण टाकण्याच्या प्रथेची नोंद आहे. वेशभूषेचे प्रकरण आणि कर्जाचे प्रकरण यांची त्या ग्रंथात गाठ पडत नाही. ती पडली पुढे, लग्नगडी या शब्दात. देज आणि लग्नाचे जेवण यांसाठी जमीनदाराकडून पैसे घ्यावयाचे आणि त्या बदल्यात आयुष्यभर त्याच्याकडे राबावयाचे. लग्न होऊन आलेली बायकोही त्या बंधनात आपोआप सामील. सिमिंग्टन यांच्या १९३९च्या अहवालाने ही गुलामी सरकारदरबारी मांडली. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठीविरुद्ध व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभारला. टिटवाळा म्हणजे आसनगाव-कसाऱ्याच्या लोहमार्गावरचे, शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावरचे गाव. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७०चे. ते चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते, ते योग्यच आहे. परंतु नवरीच्या शृंगाराची किंमत कोण, किती वर्षे आणि कशाने चुकती करतो, याचा मराठीतील सर्वांत स्पष्ट हिशेबही त्यातच आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ही १९७०चीच. मध्यमवर्गीय घरातील फडताळात या दोहोंपैकी कोणते पुस्तक होते, हे सांगावयास नको.

आता मासिकांकडे. ऑगस्ट १९३०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ सुरू केले. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेत केवळ नववधूंसाठीचे एक नियतकालिक निघाले, जे पुढे ‘ब्राइड्स’ या नावाने ओळखले गेले. दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. अमेरिकी मासिकाच्या दृष्टीने लग्न ठरलेलेच आहे. उरते ती खरेदी. ‘स्त्री’च्या दृष्टीने लग्न हाच प्रश्न आहे: कोणाशी, कोणत्या वयात, हुंडा देऊन की न देता, शिक्षण संपवून की अर्धवट टाकून. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३मध्ये जे वादळ उठविले ते याच वाचकवर्गात. त्याच लेखिकेने, बाळूताई खरे या नावाने, ‘अलंकार-मंजूषा’ हे दागिन्यांवरील पुस्तकही लिहिले होते. एकाच लेखणीतून दागिन्यांची मीमांसा आणि अविवाहित प्रौढ मुलींची कोंडी ही दोन्ही यावीत, ही त्या दशकाची खूण आहे. मराठीत केवळ नववधूंच्या मासिकांची स्वतंत्र परंपरा रुजली नाही, याचे एक कारण येथे असावे. सुधारणावादी मासिकाने लग्नाचा विषय आधीच व्यापला होता, आणि तो चर्चेचा विषय म्हणून. विद्या बाळ यांनी १९८९मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले तेव्हा ही रेषा अधिक ठसठशीत झाली.

मात्र या चर्चेतील ‘स्त्री’ कोण? ती नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागलेली, पुण्या-मुंबईची किंवा जिल्ह्याच्या गावची, लिहिती-वाचती स्त्री. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. रेल्वे १८६५पर्यंत थळ घाट चढून गेली होती. मुरबाडला तर रेल्वे नाहीच. मासिकाला साक्षर वाचक लागतो, वर्गणी लागते, टपाल लागते. ठाकरवाडीत यांपैकी काहीच नव्हते. तेथील स्त्री मासिकात आली ती वाचक म्हणून नव्हे, चित्र म्हणून. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मराठी डोळ्यास कित्येक वर्षे जी सौंदर्यदृष्टी दिली, तीत डोक्यावर घडा, कमरेवर हात, कासोट्याचे लुगडे अशी ग्रामकन्या वारंवार येते. चित्रे देखणी आहेत, आणि दलालांची रेषा तर निर्विवाद श्रेष्ठ. पण या ग्रामकन्येला नाव नाही, आणि तिच्या घड्यातील पाणी कोठून आले हेही कोणी विचारीत नाही. तानसा, वैतरणा, भातसा या शहापूर परिसरातील जलाशयांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर बायका हंडे घेऊन मैलोगणती चालतात. मुखपृष्ठ आणि मळपृष्ठ यांच्यामध्ये हा मजकूर कधी आला असेल तर तो वार्तालेख म्हणून. सौंदर्याच्या पानावर नव्हे.

रोलाँ बार्थने फॅशनच्या संकेतव्यवस्थेवरील आपल्या १९६७च्या ग्रंथासाठी जून १९५८ ते जून १९५९ या काळातील ‘एल’ आणि ‘ल जार्दँ दे मोद’ या फ्रेंच मासिकांचे अंक निवडले. प्रत्यक्ष वस्त्र, चित्रित वस्त्र आणि लिखित वस्त्र असा भेद करून त्याने तिसऱ्यावर लक्ष केंद्रित केले. मासिक कापड विकत नाही, वर्णन विकते, हा त्याचा आशय मराठी समीक्षेने स्वीकारला खरा, पण त्याचा वापर कथा-कवितेपुरता ठेवला. त्याआधी ‘मिथॉलॉजीज’मध्ये ‘एल’मधील पाककृतींच्या रंगीत छायाचित्रांविषयी त्याने म्हटले होते की ती ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठीच अधिक नटविलेली असतात. ही दृष्टी आपल्याकडे लावताना एक दुरुस्ती करावी लागते. बार्थचा वाचक निदान मासिक विकत घेतो. शहापूर-मुरबाडच्या स्त्रीच्या बाबतीत मासिक आणि वस्त्र दोन्ही परवडत नव्हती, तरी त्या चित्रव्यवस्थेत तिची गरज होती. कारण शहरी वाचकाच्या आधुनिकतेला दाखवायला एक ‘अनाधुनिक’ देखणेपण हवे असते.

या व्यवस्थेचे टोक गाठले गेले ते ऑगस्ट २००८मध्ये. १९९६मध्ये ‘एल’ आणि २००७मध्ये ‘व्होग’ यांच्या भारतीय आवृत्त्या सुरू झाल्या होत्या. ‘व्होग’च्या त्या अंकात सोळा पानांची एक छायाचित्रमाला होती: खेड्यातील साधी माणसे आणि त्यांच्या अंगाखांद्यावर परदेशी नाममुद्रांच्या महागड्या वस्तू. दात पडलेल्या वृद्धेच्या कडेवरील मुलाच्या गळ्यात फेंडीचे लाळेरे, अनवाणी माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री. वस्तूंची नावे होती, माणसांची नव्हती. देशात व परदेशात टीका झाली. ती माणसे ठाणे जिल्ह्यातील नव्हेत. पण संहितेची रचना ओळखीची आहे: गॅझेटियरची. किंमत आहे, नाव नाही. फरक एवढाच की १८८२ची किंमत ज्याच्या अंगावर वस्त्र आहे त्याने मोजलेली होती. छत्रीपुरते आणखी एक आठवते. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांनी पायात जोडे आणि हातात छत्री घेऊन रस्त्यावर चालण्याचे धाडस केले तेव्हा त्यांच्यावर दगड आले, असे सांगितले जाते. त्या छत्रीला अर्थ होता, कारण ती धरणाऱ्या बायकांना नावे होती.

वारली चित्रकलेचा प्रवास या संदर्भात गुंतागुंतीचा आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ती भिंतीवरून कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांच्या असामान्य प्रतिभेमुळे जगभर गेली. १९७६मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. येथे आदिवासी कलावंताचे नाव कागदावर उमटले, ही लहान गोष्ट नाही. पण सवाशिणींची चित्रविद्या कागदावर येताच प्रामुख्याने पुरुषाच्या सहीने ओळखली जाऊ लागली. पुढे हीच आकृती साड्यांच्या काठांवर, दुपट्ट्यांवर, सणावाराच्या पुरवण्यांतील वेशभूषेच्या पानांवर उतरली. तेथे चौक नाही, पालघाट नाही, लग्नही नाही. फेर धरलेली माणसे तेवढी आहेत.

आज शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत ब्यूटी पार्लर आहेत, शिवलेली नऊवारी मिळते, घागरा भाड्याने मिळतो, आणि नवरीने कसे दिसावे हे छायाचित्रकारही सांगतो. तरीही या भागातील लग्नपत्रिका पाहिली तर एक जुनी रीत दिसते. पत्रिकेची आतली पाने नावांनी भरलेली असतात: आजी-आजोबा, काका-काकू, मामा-मामी, आत्या, भावोजी, स्वर्गवासी झालेले, अजून बोलताही न येणारे. शहरी पाहुण्यास ही यादी कंटाळवाणी वाटते. तीत एखादे नाव राहिले तर रुसवे-फुगवे होतात, काही वेळा पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. धवलारणीचे नसते.