साथीच्या दिवसांतील हवापालट आणि तान्हें मूल

नासिक जिल्ह्यांत देवळा आणि देवळाली अशीं दोन गांवें आहेत. नांवें इतकीं सारखीं, कीं मुंबईचा माणूस एकाच्या जागीं दुसरें समजला तर नवल नाहीं. देवळाली रेल्वेच्या वाटेवर, नासिकरोडच्या अलीकडे. लष्करी छावणीची, कोरड्या हवेची आणि आरोग्यधामांची म्हणून नांवाजलेली. देवळा तेथून बरेंच उत्तरेस, चांदवड आणि सटाणें यांच्या मधल्या वाटेवर. कळवण, सटाणें, मालेगांव आणि देवळा यांचीं आद्याक्षरें जोडून ज्या मुलखास लोक ‘कसमादे’ म्हणतात, त्या मुलखांतलें हें गांव. देवळालीस माणसें हवा खाण्यासाठीं जातात. देवळ्यास माणसें घरीं जातात.

श्रोतेहो, साथ चालू असतां घरांत नवें मूल आलें, तर त्यास घेऊन कोठें जावें, कसें जावें, आणि मुळांत जावें कीं नाहीं, या प्रश्नाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. २०२० सालीं हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत उभा राहिला. कोणास बंगला घेऊन चार दिवस निवांत राहावयाचें होतें, कोणास नातवंड आजीस दाखवावयाचें होतें. परंतु प्रश्न त्या सालचा नव्हता. तो सव्वाशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येक साथीनें निराळें दिलेलें आहे.

आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या प्रवासावर सरकारच्या आधीं घराचे निर्बंध होते. बाळंतिणीनें सव्वा महिना बाहेर पडूं नये, परक्या माणसानें हातपाय धुतल्यावांचून मुलाजवळ जाऊं नये, बाराव्या दिवशीं बारसें करावें, आणि मग सवडीनें मूल कुलदेवतेच्या पायांवर घालावें, हा क्रम. पहिलें बाळंतपण माहेरीं. म्हणून मुलाचा पहिला मोठा प्रवास बहुधा आजोळाहून वडिलांच्या घरीं होई. देवळ्याच्या बाजूस अनेक घराण्यांची देवी वणीची सप्तशृंगी; तेव्हां कळवणवरून गडाची वाट हीच तिकडच्या मुलाची पहिली सहल. या रिवाजांत सोंवळ्याओंवळ्याचा भाग होता, बाळंतिणीस कोंडून ठेवणारा जाचही होता. पण त्यांत व्यवहाराचें शहाणपणही होतें. सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. आजच्या राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकांत जन्मवेळच्या लसींनंतरची पुढची पाळी सहाव्या आठवड्यास, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास येते. हा योगायोग खरा. तथापि कोंवळें मूल पहिल्या दिवसांत गर्दीपासून दूर ठेवावें, याविषयीं आजीबाई आणि डॉक्टर यांचें येथें एकमत होतें.

आतां पहिल्या मोठ्या साथीकडे वळूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्या वेळीं मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांतलीं साडेतीन लाखांहून अधिक माणसें शहर सोडून गेलीं, असा तत्कालीन अंदाज आहे. इतकीं माणसें इतक्या लवकर जाऊं शकलीं याचें कारण रेल्वे. बोरघाटांतील मार्ग १८६३ सालीं आणि थळघाटांतील १८६५ सालीं खुला झालेला होता. संध्याकाळीं मुंबईंत बसलेलें कुटुंब सकाळीं नासिक किंवा मनमाड गांठीत असे. मनमाडास उतरून, बैलगाडीनें चांदवडचे डोंगर ओलांडून कसमादेंत यावयाचें, हा तिकडच्या माणसांचा रस्ता.

या प्रवासावर सरकारनें लगेच बंधनें घातलीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्थानकास्थानकांवर गाड्या थांबवून उतारूंच्या काखा व जांघा चांचपून गांठी पाहूं लागले. संशय आला कीं माणूस छावणींत आणि बोचकें धुरींत. स्त्रियांच्या तपासणीनें लोकांत किती संताप उसळला, हें पुण्याच्या त्या वर्षाच्या इतिहासावरून आपणांस ठाऊक आहेच. परंतु एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाहीं. ही तपासणी सर्वांस सारखी नव्हती. तिसऱ्या वर्गाचा उतारू फलाटावर रांगेंत उभा राही. वरच्या वर्गाच्या उतारूंस पुष्कळदां डब्यांतच, अदबीनें पाहून पुढें जाऊं देत. कडेवरचें मूल दोघांच्याही जवळ असे. निर्बंध एकच, पण त्याची धग तिकिटाप्रमाणें कमीअधिक.

ज्यांस ऐपत होती ते कोठें गेले? महाबळेश्वर १८२८-२९ पासून वसलेलें होतें, माथेरान १८५० सालीं साहेबांच्या नजरेस आलें होतें. तेथें आगगाडी १९०७ सालीं गेली, तोंपर्यंत नेरळहून घोडा किंवा पालखी. देवळालीस छावणी होतीच. पुढें पारशी, गुजराथी वगैरे समाजांनीं तेथें आरोग्यधामें उभारलीं. ‘हवापालट’ हा शब्द आपण आज मौजेच्या अर्थानें वापरतों. त्याचें मूळ औषधाचें आहे. डोंगरावरचे आपले बंगले पुष्कळ अंशीं रोगाच्या भयानें बांधलेले आहेत, हें ध्यानांत असावें. आणि तें भय नेहमींच मागें राहिलें असेंही नाहीं. देवळालीच्या शेजारींच भगूर. तेथें १८९९ सालीं सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगानेंच वारले. हवा चांगली म्हणून गांव सुरक्षित, हा हिशेब तेव्हांही चुकीचा होता.

आतां ज्यांस बंगला नव्हता त्यांचें काय? दख्खनच्या खेडुतांनीं एक उपाय केला, आणि तो फार चांगला होता. उंदीर मरून पडूं लागले कीं सबंध गांव घरें सोडून मळ्यांत, माळावर झोंपड्या घालून राही. गुरेंढोरें, धान्य, म्हातारीं माणसें, सर्व बाहेर. बाळंतपणेंही त्या झोंपड्यांतच होत, पाळणे बाभळीस किंवा झोंपडीच्या आढ्यास बांधीत. साथ ओसरली कीं घरें सारवून, शाकारून परत. पुण्यासही ससाणे मळ्याच्या मोकळ्या जागेंत डॉ. यशवंत फुले यांनीं दवाखाना चालविला होता. तेथेंच रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या.

शेटजींचा बंगला आणि कुणब्याची झोंपडी, या दोन्ही उपायांचें मर्म एकच होतें, मात्र तें त्या वेळीं कोणास नीट कळलेलें नव्हतें. प्लेग माणसापेक्षां घरास अधिक चिकटलेला असतो. उंदरावरची पिसू तो आणते, हें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं सांगितलें आणि मुंबईंत १९०५ नंतर झालेल्या संशोधनानें तें पक्कें ठरलें. म्हणजे फलाटावर उतारूंच्या काखा तपासल्या जात असतां, धान्याच्या पोत्यांतला उंदीर बिनतिकीट, बिनतपासणीनें घाट चढून जात होता. जो घर सोडून उघड्यावर गेला तो उंदरापासून दूर गेला, म्हणून वांचला. त्या साथींत तान्हें मूल घेऊन बाहेर पडणें हाच शहाणपणा होता.

यांतूनच एक समजूत आपल्या मनांत घर करून बसली, कीं साथ आली कीं शहर सोडावें. वीस वर्षांनीं ही समजूत घातक ठरली.

१९१८ च्या जूनमध्यें इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरांत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याची दुसरी, भयंकर लाट आली. हा ताप उंदरावर बसून येत नाहीं. तो माणसाच्या श्वासांतून येतो. आगगाड्या चालूच होत्या, आणि आजाऱ्यासह धांवणाऱ्या माणसांनीं तो खेड्यापाड्यांत पोंचविला. हिंदुस्थानांत सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसें दगावलीं. १९११ ते १९२१ हें एकच दशक असें, कीं देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. या तापानें वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें अधिक नेलीं, आणि गर्भवती स्त्रियांचे फार हाल झाले. आईच्या दुधावर जगणाऱ्या काळांत आई जाणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. प्लेगांत पळणारा माणूस रोग मागें ठेवून जाई. इन्फ्लुएन्झांत तो रोग बरोबर घेऊन जाई. उंदराची जागा आतां उतारूनें घेतली होती.

२०२० सालची करोनाची साथ ही या दुसऱ्या जातीची. महाराष्ट्र शासनानें १३ मार्चपासून तोच १८९७ चा कायदा लागू केला. २२ मार्चपासून उतारूंच्या आगगाड्या थांबल्या. १८५३ सालीं बोरीबंदर-ठाणें गाडी सुटल्यापासून सबंध देशांतल्या गाड्या अशा एकदम कधींच थांबल्या नव्हत्या. पुढें एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाण्यास पोलिसांचा ई-पास लागे. तो निर्बंध २ सप्टेंबर २०२० रोजीं उठला. एप्रिलांत देवळ्याच्या शेजारचें मालेगांव साथीचें मोठें केंद्र ठरलें, आणि कसमादेच्या गांवोगांवीं वेशी बंद झाल्या.

त्या वसंतांतल्या दोन प्रवासांच्या हकीगती शेजारींशेजारीं ठेवण्याजोग्या आहेत. एप्रिल २०२० मध्यें मुंबईच्या एका बड्या उद्योगपतीच्या कुटुंबांतील मंडळी, नोकरचाकर धरून २३ जण, मंत्रालयांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें पत्र घेऊन, खंडाळ्याहून मोटारींनीं महाबळेश्वरास गेलीं. बोभाटा झाला, मंडळींस पांचगणीस विलगीकरणांत ठेवलें, अधिकाऱ्यास सक्तीच्या रजेवर पाठविलें. दुसरी हकीगत मे महिन्यांतली. नासिकहून मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं पायीं निघालेली एक मजूर स्त्री आग्रा रस्त्यावर वाटेंतच बाळंत झाली, आणि थोडा विसावा घेऊन, मूल घेऊन, दीडशें किलोमीटरांवर पुढें चालत गेली, असें त्या वेळीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. हा रस्ता चांदवड, उमराणें, मालेगांव असा जातो; उमराणें हें देवळा तालुक्यांतलें गांव. १८९७ च्या फलाटावर जो भेद होता तो सव्वाशें वर्षांनीं तसाच होता: एकाच्या हातीं पत्र, दुसरीच्या हातीं अर्भक.

मधल्या वर्गाच्या कुटुंबांची गोष्ट या दोहोंच्या मध्यें. ८ जुलै २०२० पासून राज्यांतलीं निवासगृहें एक तृतीयांश खोल्यांपुरतीं उघडलीं, आणि ज्यांस परवडत होतें त्यांनीं इगतपुरी, लोणावळें, अलिबाग या बाजूंस अख्खे बंगले भाड्यानें घेण्यास आरंभ केला. दुसऱ्या कुटुंबाशीं संबंध नको, स्वयंपाक वेगळा, आंगण वेगळें. नकळत ती माळावरच्या झोंपडीचीच नक्कल होती. फक्त तिला आतां पोहण्याचा हौद होता. देवीच्या दर्शनाची मात्र सोय नव्हती. सप्तशृंगीची २०२० ची चैत्रयात्रा झाली नाहीं. १६ नोव्हेंबरास राज्यांतलीं देवळें उघडलीं, तरी पासष्टीवरील वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलें यांनीं घरींच राहावें असा नियम होता. म्हणजे ज्या तिघांसाठीं गडाची वाट धरावयाची, तींच तिघें घरीं. पुष्कळ मुलांचीं जावळें त्या वर्षीं घरच्या ओट्यावरच निघालीं.

या साथीचा स्वभावही लक्षांत घेतला पाहिजे. करोनानें तान्ह्या मुलांस त्या मानानें कमी छळलें. त्यानें म्हाताऱ्यांस अधिक नेलें. तेव्हां नातवंड दाखविण्याच्या प्रवासांत खरा धोका पाळण्यांतल्या मुलास नसून, त्यास घेण्यास हात पुढें करणाऱ्या आजीस होता. मुंबईहून देवळ्यास जाणाऱ्या कुटुंबानें ही गोष्ट आधीं मनांत आणावयाची होती. ज्यांनीं आणली त्यांनीं कांहीं दिवस मळ्यांतल्या वेगळ्या घरांत काढले, आजीस मूल अंगणांतून दाखविलें, आणि मग उंबरा ओलांडला. आजीस तें कठीण गेलें असेल. परंतु तिच्याच सव्वा महिन्याच्या नियमाचा तो उलटा प्रयोग होता.

पुढें कधीं असा प्रसंग आला, तर सहलीचा बेत आंखणाऱ्यानें जागेचें चित्र पाहण्याआधीं एक प्रश्न विचारावा: हा रोग घरांत राहतो, कीं माणसांतून फिरतो? घरांत राहत असेल तर बाहेर पडणें हिताचें. माणसांतून फिरत असेल तर आपणच त्याचें वाहन. मग मुलाच्या लसींच्या तारखा पाहाव्या, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी चुकूं न देतां मधला काळ निवडावा. डोंगरकड्यावरच्या बंगल्यापासून बालरोगतज्ज्ञ किती दूर आहे, हें विचारावें. आणि तेथें स्वयंपाक करावयास, झाडलोट करावयास जी बाई खालच्या वाडींतून येते, तिच्याही घरीं एखादा पाळणा असेल, हें विसरूं नये. आपण तिच्या गांवांत काय घेऊन जात आहों, याचा विचार आपल्याच सोयीइतका महत्त्वाचा आहे.

बंगला, मोटार, वेगळें आंगण या चैनी पैशानें मिळतात. साथीच्या दिवसांत त्यांहून मोठी चैन म्हणजे थांबतां येणें. आग्रा रस्त्यावरच्या त्या मातेस ती नव्हती. ज्यांस ती आहे त्यांनीं आधीं तीच खर्च करावी.