एक पाइंट बिअर आणि महायुद्धाचा हिशेब

ब्रिटिश पबमधली बिअर महाग का, असं कुणी विचारलं की मी थेट १९१४ सालात जातो. तेव्हा कामगाराला साधा पाइंट दोन-तीन पेन्सला मिळत असे. नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी ३६ गॅलनच्या पिंपावरचा कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून २३ शिलिंगांवर नेला.

चला, हिशेब करू. एका पिंपात २८८ पाइंट, एका शिलिंगात १२ पेन्स. म्हणजे ठरलेल्या कसाच्या पाइंटमागे कर सुमारे एक तृतीयांश पेनी होता, तो जवळपास एक पेनी झाला. १९२० मध्ये पिंपामागे १०० शिलिंग, म्हणजे पाइंटला चार पेन्सहून जास्त. नुसता करच जुन्या किमतीच्या वर गेला! कर कसावर होता, म्हणून बिअरही पातळ झाली.

प्रश्न फक्त पैशाचा नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यांतलं काम दारूपायी अडतं, अशी ओरड होती. १९१५ मध्ये पबच्या वेळा आवळल्या गेल्या. अनेक भागांत मित्राला स्वतःच्या पैशानं पेला पाजणंही गुन्हा ठरलं.

युद्ध १९१८ मध्ये थांबलं. पण दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकला. म्हणून मी म्हणतो, सैनिक घरी परततात; युद्धात आलेले कायदे मात्र सहजासहजी जात नाहीत.